धातूंचे आयन आणि ॲप्टामरचे रूप

‘सैंधव आण’ हे आपल्या शास्त्रकारांचे प्रसिद्ध उदाहरण आहे. भोजनसमयी सैंधव म्हणजे मीठ, प्रयाणसमयी घोडा. शब्द तोच, अर्थ प्रसंगाने ठरतो. ॲप्टामर नामक रेणूंच्या बाबतीतही असेच घडते. तेथे प्रसंग ठरविण्याचे काम पुष्कळदा मिठाचे, म्हणजे क्षारांतील धातूंच्या आयनांचे असते.

ॲप्टामर हा डीएनए अथवा आरएनए यांचा आखूड धागा होय. लॅटिन ‘आप्टुस’ (जुळणारा) व ग्रीक ‘मेरोस’ (अंश) यांपासून ही संज्ञा एलिंग्टन व शोस्टाक यांनी १९९० साली घडविली. असंख्य भिन्न धाग्यांतून लक्ष्यास चिकटणारे तेवढे पुनःपुन्हा निवडून तो मिळवितात. पक्ष्यांच्या एच५एन१ इन्फ्लुएंझा विषाणूसाठीही डीएनएचे असे ॲप्टामर निवडले गेले आहेत.

लक्ष्याशी जुळते ते धाग्याच्या घडीचे रूप. केवळ अक्षरक्रम नव्हे. धाग्यावरील फॉस्फेटांचे ऋणभार परस्परांस दूर लोटतात. मॅग्नेशियमचे द्विभारी आयन हे अपसारण शमवितात व घडी पडू देतात. थ्रॉम्बिन या प्रथिनासाठी १९९२ साली निवडलेल्या पंधरा घटकांच्या ॲप्टामरात ग्वानीनच्या दोन चौकडी एकीवर एक बसतात. पोटॅशियमचा आयन त्यांच्या मधल्या पोकळीत नेमका सामावतो. सोडियम ही रचना तितकी दृढ करीत नाही, लिथियम तर त्याहूनही कमी.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे एच५एन१ची साथ आली. नमुन्यांचे निदान भोपाळच्या प्रयोगशाळेत झाले आणि लक्षावधी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अशा वेळी खुराड्यापाशीच करता येणारी चाचणी उपकारक ठरेल. परंतु मॅग्नेशियमयुक्त द्रावणात निवडलेला ॲप्टामर मॅग्नेशियमविरहित द्रावणातील नमुन्यात घडी मोडून बसू शकतो. रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेले ईडीटीए तर मॅग्नेशियम बांधूनच टाकते. मग विषाणू असूनही उत्तर ‘नाही’ असे येण्याचा संभव राहतो.

सारांश, ॲप्टामरचा अक्षरक्रम देताना आयन व त्यांचे प्रमाणही नोंदले पाहिजे. शिवाय त्याच प्रकारच्या नमुन्यात निष्क्रिय केलेला विषाणू ज्ञात प्रमाणात मिसळून चाचणी पडताळावी. तसे केल्यावाचून ‘नाही’ या उत्तरावर विसंबणे म्हणजे प्रसंग न पाहता सैंधवाचा अर्थ लावणे होय.