तारांची रुजुवात

रेल्वेच्या सुरक्षाशास्त्राचा जो मूलसिद्धान्त एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थिर झाला तो असा, की यंत्र बिघडायचेच असेल तर त्याने गाडी थांबविण्याच्या बाजूने बिघडावे. तार तुटो, वीज जावो, सिग्नल तांबडाच पडला पाहिजे. जॉन सॅक्सबी या इंग्रज कारागिराने 1856 मध्ये सांधे आणि सिग्नल एकत्र चालविण्याचे पेटंट घेतले, आणि त्या कल्पनेतून पुढे खटक्यांची अशी परस्परबद्ध रचना (इंटरलॉकिंग) विकसित झाली, की सांधा एका मार्गाला आणि सिग्नल दुसऱ्या मार्गाला ही विसंगती केबिनमधल्या माणसाने मनात आणली तरी त्याच्या हातून घडू नये. 1872 मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी रुळांतूनच वीज खेळविली. गाडीची चाके रुळांवर आली की प्रवाह आखूड वाटेने परततो, रिले गळतो आणि मागचा सिग्नल आपोआप तांबडा होतो. या शास्त्रात यंत्राच्या जीर्णतेची तजवीज आहे. जुने यंत्र उघडून त्यात नवे जोडणाऱ्या हातांची तजवीज मात्र त्यात फारशी नाही, आणि धोका बहुधा तिथूनच शिरतो.

2 जून 2023 च्या संध्याकाळी ओडिशातील बालेश्वर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकावर जे घडले त्याचे मूळ अशाच एका जोडणीत होते. शालीमारहून चेन्नईकडे निघालेल्या कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता, सांधा मात्र लूप लाइनला लागलेला होता. ताशी सुमारे 128 किलोमीटर वेगाने ती त्या लूपवर उभ्या असलेल्या, लोहखनिजाने भरलेल्या मालगाडीवर आदळली, आणि तिचे घसरलेले डबे शेजारच्या मार्गावरून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीच्या शेवटच्या डब्यांवर कोसळले. 290 हून अधिक माणसे प्राणास मुकली. चालकाचा कसूर नव्हता. त्याने सिग्नलबरहुकूम गाडी हाकली होती.

रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत (हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, आणि ही व्यवस्था मला शहाणपणाची वाटते) जे निष्पन्न झाले ते वरकरणी अगदी क्षुल्लक दिसते. स्थानकाच्या उत्तरेकडील सिग्नलच्या गुमटीत काही वर्षांपूर्वी, 2018 मध्ये, सर्किटमध्ये फेरफार झाला होता; तारांची कामे बदलली, त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या तशाच राहिल्या. अपघाताच्या दिवशी 94 क्रमांकाच्या फाटकाचा विजेवर चालणारा अडसर बदलण्याचे काम चालू असताना याच गुमटीत तारा पुन्हा जोडल्या गेल्या, आणि लूपकडे वळलेला 17 क्रमांकाचा सांधा सरळ असल्याची खोटी वर्दी यंत्रणेला पोहोचली. यंत्रणेने त्या वर्दीवर विश्वास ठेवून हिरवा दिवा लावला. काम 79 क्रमांकाच्या दुसऱ्याच फाटकाचा नकाशा पुढे ठेवून झाले, असे केंद्रीय अन्वेषण विभागाने न्यायालयात सांगितले. दप्तर एक आणि गुमटी दुसरी, असा हा कारभार.

पण हा केवळ आपल्याकडचा गलथानपणा, असे म्हणून हात झटकता येत नाहीत. 12 डिसेंबर 1988 च्या सकाळी लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ तीन गाड्यांचा अपघात होऊन 35 जण दगावले, तेव्हाही 1930 च्या दशकातील सिग्नल यंत्रणा बदलण्याचे काम चालू होते. रिले-घरात नवी तार जोडताना जुनी तार कापली गेली नाही, तिचे टोक नव्या पट्टीने गुंडाळले गेले नाही, ती नुसती बाजूला सारली गेली. दोन आठवड्यांनी त्याच जागी दुसरे काम निघाले, तेव्हा ती हलली आणि आपल्या जुन्या जागी जाऊन टेकली. पुढे गाडी असताना सिग्नल तांबडा राहील याची खात्री उरली नाही. सिग्नल आपल्या डोळ्यांदेखत हिरव्याचा तांबडा झाल्याचे पाहून बेसिंगस्टोकच्या गाडीचा चालक थांबला, आणि फोनवरून त्याने ती वर्दी दिल्यावर लगेचच मागची गाडी त्याच्या गाडीवर येऊन आदळली. अँथनी हिडन यांच्या चौकशीत उघड झाले, की ती तार जोडणाऱ्या कारागिराला तेरा आठवड्यांत एकच दिवस सुटी मिळाली होती, आणि नकाशातल्या व प्रत्यक्षातल्या तारांची संख्या दुसऱ्या माणसाने ताडून पाहण्याची जी रुजुवात व्हायला हवी होती ती झालीच नव्हती.

आता सर्वांची भिस्त ‘कवच’ या टक्कर टाळणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेवर आहे. तिच्या आधीचा एक प्रयत्न आपल्या कोकण रेल्वेने बी. राजाराम यांच्या नेतृत्वाखाली केला होता. उपग्रहाच्या साहाय्याने गाडीला गाडीची चाहूल देणारे ते उपकरण ईशान्य सीमांत रेल्वेवर बसविलेही गेले, पण टिकले नाही. कवच अधिक परिपक्व आहे, चालक तांबडा सिग्नल ओलांडू लागला तर ते ब्रेक लावते. तथापि सिग्नल कोणता आहे, मार्ग कुठला लागला आहे, हे त्याला स्थानकाच्या इंटरलॉकिंगकडूनच कळते. त्या साक्षीदाराचीच साक्ष खोटी असेल तर कवचाचा निवाडा खरा कुठून होणार?

बहानगापूर्वी इशारे मिळाले नव्हते असेही नाही. 16 मे 2022 रोजी बहानगाच्याच खरगपूर विभागात, बांकरानयाबाज स्थानकावर, चुकीच्या तारजोडणीने असाच प्रकार घडला होता, आणि तेव्हा दोष दूर केला असता तर बहानगाचा अपघात टळला असता, असे आयुक्तांनी स्पष्ट लिहिले आहे. 8 फेब्रुवारी 2023 रोजी कर्नाटकातील होसदुर्ग रोड स्थानकावर संपर्क क्रांती एक्सप्रेसला एक सिग्नल आणि भलताच मार्ग मिळाला, चालकाने वेळीच गाडी रोखली. त्यानंतर दक्षिण पश्चिम रेल्वेच्या मुख्य परिचालन व्यवस्थापकांनी पत्र लिहून कळविले, की देखभालीतील ही हयगय थांबली नाही तर गंभीर अपघात होतील. त्या पत्राला चार महिने पुरे होण्यापूर्वीच कोरोमंडल एक्सप्रेस बहानगा बाजारच्या सिग्नलापाशी पोहोचली.