इंदूरची वेस पुढे सरकतेय : आधी रस्ता की आधी घरं? जमीन जाणाऱ्याचा हिशेब काय?

धुळे-शिरपूरकडच्या माणसाला इंदूर परकं नाही. आग्रा रोडने पळासनेर सोडलं, बिजासन घाट चढला की सेंधवा, आणि तिथून सरळ इंदूर. दवाखाना, कॉलेज, कापडाची खरेदी, सोयरीक, सगळ्यासाठी आपली माणसं तिकडे जातात. आपला आग्रा रोड तिथे 'एबी रोड' होतो, एवढाच फरक.

आता हे शहर चारही बाजूंनी फुगतंय आणि आजूबाजूच्या गावांच्या शेतांवर रस्त्यांच्या रेघा पडतायत. त्याचं आपल्याला काय, असं वाटेल. पण मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. हा मार्ग नाशिक-धुळे जिल्ह्यांतून जाणार. स्टेशन आलं की रस्ते येतात, प्लॉटिंग येतं आणि मग नोटिसा येतात. इंदूरच्या आसपासच्या गावांनी जे पाहिलं, ते उद्या आपल्या शिवारात दिसू शकतं. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

शहर किती वाढलं?

२००१ च्या जनगणनेत इंदूर साधारण १५ लाखांचं होतं, २०११ मध्ये ते १९ लाखांच्या पुढे गेलं. २०१४ मध्ये आजूबाजूची २९ गावं महापालिकेत आली आणि वॉर्ड ६९ चे ८५ झाले. शहराचा मास्टर प्लॅन २००८ मध्ये लागू झाला, तो २०२१ पर्यंतच्या गरजा धरून. २०२१ उलटलं तरी कामकाज त्याच कागदावर चालत राहिलं. पुढच्या प्लॅनसाठी आणखी ७९ गावं नियोजन क्षेत्रात घेण्यात आली.

गाव नियोजन क्षेत्रात आलं की शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन गोष्टी एकदम होतात. जमिनीचा भाव वाढतो आणि त्या जमिनीवर काय करता येईल, याचे हात बांधले जातात. पहिली गोष्ट दलाल सांगतो. दुसरी सहसा कुणी सांगत नाही.

एकाच शहराची दोन टोकं

विमानतळाच्या बाजूला 'सुपर कॉरिडॉर' आहे. मोकळ्या शेतांतून ७५ मीटर रुंदीचा रस्ता आधी आखला, मग टीसीएस आणि इन्फोसिसला जागा दिल्या. शहरातली पहिली मेट्रोही याच भागात, ३१ मे २०२५ ला, सुमारे ६ किलोमीटर धावली. रस्ता आहे, मेट्रो आहे, पण राहणारी माणसं अजून विरळ. त्यामुळे सुरुवातीच्या मोफत फेऱ्या संपल्यावर मेट्रोची गर्दी ओसरली.

आता पूर्वेकडे या. रिंग रोड आणि बायपासच्या मधला निपानिया, कनाडिया, बिचोलीचा पट्टा. इथे उलटं घडलं. एकेका शेताचं प्लॉटिंग झालं, प्रत्येक कॉलनीवाल्याने आपल्या गेटच्या आतला रस्ता केला. दोन कॉलन्यांना जोडणारा रस्ता करायचा कुणी? तो कॉलनीवाल्याच्या हिशेबात नव्हता आणि पालिका नंतर आली. मास्टर प्लॅनमध्ये एमआर-११, एमआर-१२ अशा नावांनी मोठे रस्ते आखलेले आहेत ('एमआर' म्हणजे मेजर रोड), पण ते वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्याने होत आहेत. मध्ये कुठे वस्ती उभी, कुठे कोर्टाची स्थगिती.

आधी रस्ता केला तर पैसा काही वर्षं अडकून पडतो. आधी घरं झाली तर त्याच रस्त्यासाठी पुढे बांधलेली घरं पाडावी लागतात, कोर्टकचेऱ्या होतात आणि खर्च कितीतरी वाढतो. पहिला तोटा वर्षांनी भरून निघतो. दुसऱ्यात कुणाचं तरी घर जातं.

जमीन घेतात कशी?

दोन मार्ग आहेत. पहिला भूसंपादनाचा. २०१३ च्या कायद्यानुसार बाजारभाव काढायचा, ग्रामीण भाग असेल तर राज्याने ठरवलेल्या १ ते २ मधल्या गुणकाने गुणायचा आणि वर १०० टक्के दिलासा रक्कम द्यायची. शहरी हद्दीत गुणक १. म्हणजे पालिकेत नसलेलं गाव हद्दीत आलं की मोबदल्याचं गणित बदलू शकतं. गावकऱ्यांच्या हे बहुधा उशिरा लक्षात येतं.

दुसरा मार्ग लँड पूलिंगचा, म्हणजे आपल्या ओळखीची 'टीपी स्कीम'. ही पद्धत जुन्या मुंबई प्रांतात १९१५ च्या कायद्याने आली आणि गुजरातने ती सर्वात जास्त वापरली. मध्य प्रदेशने २०१९ च्या कायदादुरुस्तीने ती आणली. सगळ्यांची जमीन एकत्र करायची, रस्ते-बगिचे काढायचे, काही भाग प्राधिकरणाने विकून खर्च भागवायचा आणि मूळ मालकाला विकसित प्लॉट परत द्यायचा. इंदूर विकास प्राधिकरणाच्या अशा योजनांत ५० टक्के जमीन परत मिळते. इंदूर-पीथमपूर इकॉनॉमिक कॉरिडॉरसाठी सरकारने हा वाटा ६० टक्क्यांवर नेला.

एका एकराचा हिशेब

उदाहरणापुरतं धरू, शहरी हद्दीत एक एकर जमीन, सरकारी दर ५० लाख. संपादनात १०० टक्के दिलासा धरून हातात साधारण १ कोटी (व्याजाची रक्कम वेगळी). पूलिंगमध्ये ४३,५६० चौरस फुटांपैकी निम्मे, म्हणजे २१,७८० चौरस फूट परत. एक कोटीला त्याने भागलं तर भाव येतो साधारण ४६० रुपये फूट. प्लॉट त्याहून महाग विकला जाणार असेल तर पूलिंग फायद्याचं. शहराजवळ तो सहज विकला जातो, म्हणून कागदावर ही योजना गोड दिसते.

पण यात वेळ धरलेली नाही. ७ टक्के व्याजाने पैसा साधारण दहा वर्षांत दुप्पट होतो. प्लॉटचा ताबा दहा वर्षांनी मिळणार असेल तर तोच भाव ९२० च्या आसपास हवा, तेव्हा कुठे बरोबरी. म्हणून 'किती टक्के परत?' याच्या आधी 'किती वर्षांत, आणि उशीर झाला तर काय?' हे विचारायचं. शेतकऱ्यांचा भरवसा इथेच तुटतो. उज्जैनमध्ये सिंहस्थासाठी आणलेली पूलिंग योजना विरोधामुळे २०२५ च्या अखेरीस सरकारला मागे घ्यावी लागली, हे नाशिककरांनीही लक्षात ठेवावं.

इंदूरचा निकाल, देशभर लागू

जुन्या १८९४ च्या कायद्याखाली जमीन घेतली, पण पैसे मिळाले नाहीत किंवा ताबा गेला नाही, तर संपादन रद्द होतं का? हा प्रश्न 'इंदूर विकास प्राधिकरण विरुद्ध मनोहरलाल' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपुढे गेला. ६ मार्च २०२० ला निकाल आला : ताबाही घेतला नाही आणि मोबदलाही दिला नाही, अशा दोन्ही गोष्टी असतील तरच संपादन रद्द. मोबदला देऊ केला आणि मालकाने तो नाकारला, तर त्या आधारावर रद्द मागता येत नाही. 'चेक घेतलाच नाही, म्हणजे जमीन माझीच' ही समजूत गावोगाव आहे. ती धोक्याची आहे.

रस्त्याखालचं विसरू नका

इंदूरचं पिण्याचं पाणी नर्मदेवरच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, उपसून चढवावं लागतं. प्रत्येक नवी कॉलनी त्याच पाण्यात वाटा मागते. पाइपलाइन आणि ड्रेनेज रस्त्याआधी पडलं नाही तर नवा रस्ता वर्षभरात खोदला जातो. त्याहून वाईट म्हणजे दोन्ही लाइनी कशाही शेजारी टाकल्या जातात. स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं आलेल्या याच शहरात, भागीरथपुरा या जुन्या वस्तीत, डिसेंबर २०२५ मध्ये पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि माणसं दगावली. नव्या उपनगरात हे टाळायची संधी एकदाच मिळते, रस्ता होण्याआधी.

आणि चुकलं तर दुरुस्ती महाग. एबी रोडवरची ११.५ किलोमीटरची बीआरटीएस मे २०१३ मध्ये सुरू झाली. बारा वर्षांत ती तोडण्याचा निर्णय झाला. बांधायचे पैसे लोकांचे, तोडायचेही लोकांचेच.

आपण काय करायचं?

शब्द राज्यागणिक बदलतात, म्हणून आधी ते ओळखा. आपला 'एनए' तिकडे 'डायवर्शन', 'रेडी रेकनर' तिकडे 'गाइडलाइन', 'तलाठी' तिकडे 'पटवारी', 'गट नंबर' तिकडे 'खसरा'. इंदूरला प्लॉट घेणाऱ्या आपल्या मंडळींनी एवढं तरी पाहावं :

• खसरा नंबर मास्टर प्लॅनच्या नकाशावर लावून बघा. रस्त्याची रेघ, हरित पट्टा किंवा एखादी योजना त्यावरून जाते का?
• कॉलनीला नगर तथा ग्राम निवेश विभागाची मंजुरी आणि पालिकेची विकास परवानगी, दोन्ही आहेत का? रजिस्ट्री झाली म्हणजे कॉलनी वैध झाली असं नाही.
• गेटबाहेरचा रस्ता, पाणी, ड्रेनेज कोण करणार आणि कधी, हे लेखी मागा.

आणि ज्यांची जमीन आहे, धुळ्यात असो, बेळगावात असो की इंदूरला, त्यांच्यासाठी एकच गोष्ट. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी साधारण ३० दिवस मिळतात. त्या दिवसांत रेघ पेन्सिलची असते आणि एका अर्जावर सुनावणी मिळते. मुदत गेली की तीच रेघ हलवायला वकील लागतो आणि वर्षं जातात. ग्रामपंचायतीच्या फलकावर नकाशा लागला की त्याच आठवड्यात जाऊन आपला गट नंबर शोधा, हरकत लेखी द्या आणि पोच घेऊन घरी ठेवा.