चित्राकडे तिरकं पाहताना

कुवेतमध्ये वाळूला काय तोटा? म्हणून मी तैलरंगात मूठभर वाळू कालवली आणि कॅनव्हासवर थापली. चित्र वाळवंटाचं, म्हणजे पोतही वाळवंटाचाच हवा, असा हिशेब! दोन महिन्यांत भेगा पडल्या. लेक म्हणाली, "बाबा, भिंतीचा गिलावा वाटतोय."

मी इंजिनियर, त्यातून पाइपलाइनवाला. पाइपला रंग देण्याआधी आम्ही सँडब्लास्टिंग करतो. पृष्ठभाग साधारण ५० ते ७५ मायक्रॉन खडबडीत झाला, की रंग नीट धरतो. साइटवर थरांची एवढी काळजी घेणारा मी, घरी मात्र पोत म्हणजे वरून थापायची वस्तू समजत होतो.

गेल्या सुट्टीत मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन संग्रहाच्या दालनात गेलो. तिथे वासुदेव गायतोंड्यांचं चित्र होतं. गायतोंडे (१९२४–२००१) मूळचे गोव्याकडचे, जन्म नागपूरचा, शिक्षण जे. जे. स्कूलमध्ये. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. समोरून चित्र अगदी शांत. मग साइटवर वेल्डिंग पाहतो तसा बाजूला सरकलो, दिव्याचा प्रकाश तिरपा पडेल असा. आणि काय सांगू! कुठे पातळ थर, कुठे खरवडून खालचा रंग वर काढलेला. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत. रंग लावण्याइतकंच काढण्यालाही त्यांच्याकडे महत्त्व. वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत.

फोटोत हे सगळं सपाट होतं. म्हणून वहीत पेन्सिलीने टिपून घेतलं: खाली काय, वर काय, कडेला रंग कुठे थांबलाय. पाऊण तास एकाच चित्रापाशी उभा राहिलेला पाहून रखवालदार दोनदा चक्कर मारून गेला!

माझ्या भेगांचं कारणही तिथेच उमगलं. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. खालचा जाड थर ओला असताना मी वर पातळ रंग फिरवला होता. तो आधी वाळला आणि तडकला. चूक वाळूची नव्हती, घाईची होती. चाळिशी उलटली, आता लवकर काहीतरी करून दाखवायला हवं, ही ती घाई.

आता दर शुक्रवारी एकच पातळ थर, तोही खालचा वाळला असेल तरच. नाहीतर ब्रश धुऊन ठेवून द्यायचा. सध्या चौथा थर वाळतोय. परवा पाहिलं तर लेक खिडकीपाशी उभी राहून, मान तिरकी करून चित्र पाहत होती.

गिलाव्याचं नाव काही काढलं नाही!