कॅम्बर ट्रॅकचा, टो रस्त्याचा

जयपूरच्या हौशी चालकाला खऱ्याखुऱ्या ट्रॅकवर गाडी पळवायची, तर पहाटे उठून ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट गाठावं लागतं. अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. ट्रेलर परवडणारे थोडे. बाकीच्यांची गाडी त्याच टायरांवर हायवेनं जाते, दिवसभर रगडली जाते आणि रात्री परत येते. अलाइनमेंटचा विचार या हायवेपासून सुरू व्हायला हवा. आपल्याकडे तो सुरू होतो कॅम्बरच्या, म्हणजे चाकाच्या उभ्या कलाच्या, आकड्यांच्या फुशारकीपासून.

गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह असेल, तर चारही चाकांना कायम सारखी ताकद मिळते, ही समजूत आधी सोडावी. चाकणला जोडणी झालेली मर्सिडीज-एएमजी ए ३५ घ्या. इंजिन आडवं, वजन पुढं, आणि मागच्या चाकांकडे गरजेनुसार जास्तीत जास्त निम्मी ताकद. वळणात शिरताना ही गाडी पुढच्या चाकांचीच असते. बाहेर पडताना मागची चाकं धक्का देतात आणि चालकाला वाटतं, सगळं उत्तम आहे. शिरताना झालेल्या चुकीची किंमत पुढचा टायर मुकाट्यानं मोजतो.

त्यात पुढं मॅकफर्सन स्ट्रट. गाडी कलली की बाहेरचं चाकही बाहेर कलतं, आणि टायर खांद्यावर चालू लागतो. म्हणून उभ्या गाडीलाच पुढं उणे अडीच-तीन अंश आणि मागं दीड-दोन अंश कॅम्बर द्यायचा. मूळ स्ट्रटवर एवढा मिळत नाही. कॅम्बर प्लेट लागते. गाडी खाली बसवून कॅम्बर मिळवणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटतं. खालचा आर्म आडव्या रेषेपलीकडे गेला, की दाबाखाली कॅम्बर वाढायचा तो उलट घटतो.

कॅम्बर टायर खातो, ही तक्रार अर्धीच खरी. खरा खादाड टो, म्हणजे वरून पाहता चाकाचा आत-बाहेर तिरकेपणा. चाक फक्त ०.१ अंश तिरकं असलं, तरी दर किलोमीटरला पावणेदोन मीटर आडवं घासलं जातं. जाऊन-येऊन साडेपाचशे किलोमीटर धरले, तर जवळजवळ एक किलोमीटर! म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कॅम्बर ट्रॅकसाठी ठेवावा, टो रस्त्यासाठी. पुढं शून्य, मागं किंचित आत. गाडी नाकानं ढकलत असेल, तर टो छेडण्याआधी मागचा अँटी-रोल बार जाड करून पाहावा.

जयपूर असो वा पुणे, अलाइनमेंटच्या दुकानातल्या स्क्रीनवरचा हिरवा रंग कंपनीची मर्यादा दाखवतो, ट्रॅकची नव्हे. उणे तीन अंश तिथं लालच दिसणार, दिसू द्यावा. क्रम मात्र सोडू नये. आधी हवा, अर्धी टाकी, चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाइतकं ओझं. मग उंची, मग कॅम्बर, सगळ्यात शेवटी टो, कारण कॅम्बर हलला की टो हलतोच. मागची चाकं आधी, पुढची नंतर. जयपूरच्याच सम्राट यंत्र या सूर्यघड्याळाची सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, आणि ते उभारणाऱ्या सवाई जयसिंगाच्या पदरी युक्लिडची भूमिती संस्कृतात आणणारे जगन्नाथ सम्राट होते, मूळचे महाराष्ट्रीय मानले जाणारे. कोनाच्या बाबतीत जयपूरकरानं ‘चालतंय’ म्हणू नये, एवढंच.

५.१२५ किलोमीटरचं बुद्ध सर्किट घड्याळाच्या दिशेनं धावतं. उजवी वळणं भारी, त्यातलं दहाव्या-अकराव्या क्रमांकाचं तर संपतच नाही. मार बसतो डाव्या पुढच्या टायरला. पिटमध्ये येताच पायरोमीटरनं टायरचं आतलं, मधलं, बाहेरचं तापमान मोजावं. आतली कड थोडी जास्त तापलेली असली तर ठीक. बाहेरची जास्त तापत असेल तर कॅम्बर अजून कमी आहे. झिजला म्हणून तो एकच टायर बदलणं मात्र ए ३५सारख्या गाडीत महागात पडतं. चारही टायरांचा घेर सारखा नसेल, तर मागच्या चाकांना ताकद देणारा क्लच सरळ रस्त्यावरही घसरत, तापत राहतो. म्हणून दर ट्रॅक-डेनंतर पुढचे टायर मागं घ्यावेत.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट. ट्रॅकवर हवा तापून फुगते, म्हणून दुपारभर ती थोडी थोडी सोडली जाते. संध्याकाळी टायर थंड झाले, की दाब बराच खाली आलेला असतो. गेटबाहेर पडण्याआधी कंपनीनं सांगितलेल्या आकड्याइतकी हवा भरून घ्यावी, मगच जयपूरचा रस्ता धरावा.