न बनलेल्या विनोदी चित्रपटाचा ट्रेलर

चित्रपट अस्तित्वात नाही, त्याची पटकथा लिहिलेली नाही आणि निर्मात्याचा तर पत्ताच नाही. तरीही त्याचा ट्रेलर तयार करायचा आणि पाहणाऱ्याला तो चित्रपट पाहावासा वाटला पाहिजे. जनसंज्ञापन व चित्रपटविषयक अभ्यासक्रमांतील विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणारा हा प्रकल्प वरवर सोपा भासतो. दीड-दोन मिनिटांचे काम, कलाकार म्हणून चार मित्र, हाताशी मोबाईल आणि चित्रीकरणाला ओळखीचे एखादे गाव. त्यातून विषय विनोदी असेल, तर चार गमतीदार प्रसंग एकापाठोपाठ जोडले की काम भागले, असा समज असतो. प्रकल्प बहुधा फसतो तो याच समजामुळे.

ट्रेलर म्हणजे विनोदांची बेरीज नव्हे. ते एका गोष्टीचे आश्वासन असते. गोष्ट कोणाची, तिच्यात अडचण कोणती आणि हसायचे कोणाला, हे तीन प्रश्न कॅमेरा हाती घेण्यापूर्वी सुटले नाहीत, तर उत्तम छायाचित्रण आणि झगमगीत अक्षरे यांनीही हशा पिकत नाही.

आधी झलक, मग चित्रपट

‘ट्रेलर’ या शब्दाचा मूळ अर्थ मागून येणारा. प्रारंभीच्या काळात ही जाहिरात मुख्य चित्रपट संपल्यावर दाखवली जात असे, म्हणून हे नाव पडले; पुढे ती चित्रपटाच्या आधी आली, तरी नाव कायम राहिले. न्यूयॉर्कमधील चित्रपटगृहांच्या जाहिरातीचे काम पाहणारे निल्स ग्रॅनलंड यांनी १९१३ मध्ये एका संगीत नाटकाच्या जाहिरातीसाठी अशी छोटी फिल्म दाखवली आणि ती या प्रकाराची सुरुवात मानली जाते. त्याच वर्षी ३ मे रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

फाळके यांनी त्याआधी १९१२ मध्ये जे केले, ते या विद्यार्थ्यांना अधिक जवळचे वाटावे. वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून त्यांनी एक छोटी फिल्म तयार केली आणि भांडवल देऊ शकणाऱ्यांना ती दाखवली. मोठे काम करण्याची आपली क्षमता छोट्या कामातून सिद्ध करण्याचाच तो प्रयत्न होता. परेश मोकाशी यांच्या २००९ च्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने फाळके यांची ही सारी धडपड विनोदाच्या अंगाने मांडली.

अस्तित्वात नसलेल्या चित्रपटाचा ट्रेलर पुढे प्रत्यक्ष चित्रपट झाल्याचेही उदाहरण आहे. २००७ च्या ‘ग्राइंडहाउस’ या अमेरिकी चित्रपटात गंमत म्हणून काही खोटे ट्रेलर जोडण्यात आले होते. त्यांतील ‘मशेटी’ या ट्रेलरवरून २०१० मध्ये त्याच नावाचा पूर्ण लांबीचा चित्रपट आला. विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणजे केवळ गुणांसाठीचा खेळ नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

एका वाक्याची गोष्ट

पहिले काम कागदावरचे. जो चित्रपट बनणार नाही, त्याची गोष्ट एका वाक्यात सांगता आली पाहिजे. समजा, पुण्यातील विद्यार्थ्यांच्या एका गटाने शिरूर तालुक्यातील मांडवगण फराटा हे गाव चित्रीकरणासाठी निवडले. भीमेचा परिसर, पलीकडे दौंड तालुका आणि सभोवती ऊस. याच तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहतही आहे. शेती करणाऱ्या मुलांची लग्ने जुळत नाहीत आणि कंपनीत नोकरी असलेल्याला लगेच होकार मिळतो, ही ग्रामीण महाराष्ट्रातील आजची दुखरी बाब. विनोदाला लागणारा ताण या परिस्थितीतच आहे.

मग गोष्ट अशी होऊ शकते : ‘पाच एकर ऊस असलेल्या मुलाचे लग्न जुळावे म्हणून मामा तो रांजणगावला कंपनीत असल्याची थाप मारतो आणि मुलीकडचे घर पाहायला येतात त्याच दिवशी ऊसतोडीची टोळी दारात उभी राहते.’ या एका वाक्यात नायक आहे, थाप आहे, मुदत आहे आणि थाप उघडी पडण्याची भीतीही आहे. ‘गावातल्या गमतीजमती’ एवढेच वाक्य कोणी लिहून आणले, तर त्यातून ट्रेलर निघत नाही; निघतात ते सुटे चुटके.

हसायचे कोणाला?

शहरातील विद्यार्थी गावात कॅमेरा घेऊन जातात, तेव्हा एक मोह हमखास होतो. बोलीचे हेल, डोक्यावरची टोपी, कॅमेऱ्याकडे पाहून बावरलेला म्हातारा यांवर हशा मिळवणे फार सोपे असते. तो हशा महाविद्यालयाच्या सभागृहात मिळतोही. मात्र तोच ट्रेलर गावच्या पारावर दाखवण्याची हिंमत होईल का, ही त्याची खरी कसोटी आहे.

या बाबतीत पुण्यातच एक चांगला धडा उपलब्ध आहे. फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले उमेश कुलकर्णी यांचा पदविका लघुपट ‘गिरणी’ घरात पिठाची गिरणी आल्याने बालपण हरवणाऱ्या मुलाची गोष्ट सांगतो. त्यानंतर २००८ मध्ये त्यांचा ‘वळू’ हा पहिला चित्रपट आला. गावातील मोकाट वळूला पकडण्यासाठी वन अधिकारी येतो आणि त्याचा भाऊ त्या मोहिमेवर माहितीपट बनवू लागतो. शहरी कॅमेरा गावाकडे पाहतो, तसेच गावही त्या कॅमेऱ्याकडे पाहते. विनोद दोन्ही बाजूंनी घडतो, म्हणून कोणाचाही अपमान होत नाही.

त्याही आधी तमाशाच्या वगातील सोंगाड्याने हे साधले होते. तो वेड्याचे सोंग घेतो आणि राजाची, प्रधानाची, सावकाराची फिरकी घेतो. वरील गोष्टीतही हसू यायला हवे ते मामाच्या थापेचे आणि नोकरीच्या शिक्क्यावर माणसाची किंमत ठरवणाऱ्या रीतीचे. उसात राबणाऱ्या मुलाचे नव्हे.

दीड मिनिटाचे गणित

अमेरिकेतील चित्रपटगृहचालकांच्या संघटनेने २०१४ मध्ये ट्रेलर दोन मिनिटांत आटोपावा, अशी मार्गदर्शक सूचना केली होती. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला दीड मिनिट पुरेसे होते. सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर ९० सेकंदांत २२५० चौकटी होतात. एक दृश्य सरासरी दोन सेकंद टिकले, तर सुमारे ४५ दृश्ये लागतात. पूर्ण चित्रपट न करता नेमकी हीच दृश्ये चित्रित करायची असतात. त्यामुळे त्यांची क्रमवार यादी आधी तयार हवी.

या दीड मिनिटाचे साधारण तीन भाग पडतात. पहिल्या २५ सेकंदांत माणसे व अडचण कळावी. ‘पोरगा काय करतो?’ या पाहुण्यांच्या प्रश्नावर मुलगा ‘शे...’ म्हणतो आणि मामा ‘शेडमध्येच असतो, कंपनीच्या!’ असे वाक्य पुरे करतो. पुढील ४० सेकंदांत थाप वाढत जाते. उसना गणवेश अंगाला होत नाही. ट्रॅक्टर गोठ्यामागे दडवला जातो. शेजारची काकू नेमकी उसाच्या पाण्याची पाळी विचारायला येते. उरलेल्या वेळात गती वाढते, टोळीचा मुकादम कोयता घेऊन दारात येतो आणि चित्रपटाचे नाव झळकते.

नाव येऊन गेल्यावर एक छोटा प्रसंग राखून ठेवण्याची रीत आहे. येथे सर्व आवाज थांबावेत. कृषी पदवीधर असलेली मुलगी खिडकीतून शेताकडे पाहते आणि शांतपणे विचारते, ‘उसाला ठिबक केलंय का?’ शेवटचा हशा तिथे येतो आणि तिला सारे आधीच कळले होते, हेही उमगते.

गावातील चित्रीकरण

ऊसतोड हवी असेल, तर प्रकल्पाचे वेळापत्रक गळीत हंगामाशी जुळवावे लागते. तो साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. जूनमध्ये कोयता आणि टोळी दाखवणे गावकऱ्यांच्या नजरेत लगेच खटकेल. टोळीतील मजूर उक्त्या कामावर असतात, त्यांचा अर्धा दिवस फुकट घेणे योग्य नव्हे. शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आणि हल्ले ही गंभीर बाब आहे. संध्याकाळनंतर उसालगत चित्रीकरण करू नये आणि बिबट्याची भीती हा विनोदाचा विषयही करू नये.

नवख्यांचे चित्रीकरण सर्वाधिक बिघडते ते आवाजामुळे. मोबाईलचे चित्र चालून जाते, पण वाऱ्यात विरलेला संवाद चालत नाही आणि न ऐकू आलेल्या विनोदावर कोणी हसत नाही. कॉलरला लावायचा साधा माइक, वाऱ्यापासून बचावासाठी त्यावर स्पंज आणि प्रत्येक ठिकाणचा अर्धा मिनिट निव्वळ परिसराचा आवाज, एवढी तयारी हवी. शिवाय प्रत्येक विनोदी वाक्यानंतर ते ऐकणाऱ्याचा चेहरा टिपलाच पाहिजे. मामाच्या थापेपेक्षा ती ऐकून गप्प झालेल्या आईच्या चेहऱ्यावर अनेकदा जास्त हसू येते.

संकलनात घडणारा विनोद

चित्र तेच ठेवून भाव कसा बदलतो, याचे प्रसिद्ध उदाहरण २००५ मधील आहे. न्यूयॉर्कमधील तरुण सहायक संकलक रॉबर्ट रायंग याने संकलकांच्या एका स्पर्धेसाठी ‘द शायनिंग’ या भयपटातील दृश्ये घेऊन, निवेदन आणि संगीत बदलून, तो एक हलकाफुलका कौटुंबिक चित्रपट असल्याचा ट्रेलर तयार केला. मूळ दृश्ये भीतीची, परिणाम मात्र हसवणारा. कामास लागण्यापूर्वी हाच प्रयोग विद्यार्थ्यांनी वर्गात करून पाहण्यासारखा आहे.

संकलनाचे काही साधे नियम आहेत. हशाच्या वाक्यापूर्वी संगीत तोडावे. वाक्यानंतर क्षणभर थांबावे, पण दोन क्षण नव्हे. एकच प्रकारचा विनोद तीनदा आला, तर तिसऱ्या वेळी त्याला वळण द्यावे. तयार ट्रेलर मित्रांना नव्हे, तर गोष्ट ठाऊक नसलेल्या पाच-सहा जणांना दाखवावा आणि पाहताना पडद्याऐवजी त्यांच्या चेहऱ्यांकडे लक्ष द्यावे. ते जिथे हसत नाहीत, तो भाग कितीही आवडता असला, तरी कापावा.

गाजलेले चित्रपटगीत पार्श्वभूमीला लावण्याचा मोह टाळलेला बरा. गीत, संगीत आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात आणि ट्रेलर इंटरनेटवर टाकताच तो अडवला जाऊ शकतो. गावातील हलगीवाल्याला योग्य मानधन देऊन मुद्रित केलेला ठेका अधिक अस्सल ठरतो. सार्वजनिक जागेसाठी ग्रामपंचायतीला आधी कळवावे. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येकाची, विशेषतः मुलांच्या पालकांची, लेखी संमती घ्यावी.

प्रकल्पाचे गुण महाविद्यालयात मिळतात आणि पुढच्या वर्षी विसरले जातात. ज्या गावाने दार उघडले, चहा पाजला आणि आपला ऊस चित्रीकरणासाठी दोन दिवस उभा ठेवला, तेथे मात्र तो ट्रेलर मोबाईलवरून मोबाईलवर फिरत राहतो. म्हणून तयार झाल्यावर तो सर्वप्रथम तिथेच दाखवावा. पारावर बसलेली मंडळी आपले घर, आपला मामा आणि आपली थाप ओळखून हसली, तर न बनलेला तो चित्रपट खरोखर बनवण्याजोगा आहे, असे समजायला हरकत नाही.