बार्शीटाकळी यादींतून गेली कोठें ?

एका यादीची नक्कल काढावी, नकलेंतील एक शब्द बदलावा, आणि पाहावें तों मूळ यादीहि बदललेली ! कागदाच्या व्यवहारांत असें घडणें शक्य नाहीं. पीएचपी ह्या संगणकभाषेंत मात्र तें घडतें, आणि अगदीं नियमास धरून घडतें. रासमुस लेरडॉर्फ ह्यांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केलेली ही भाषा संकेतस्थळांचीं पानें सिद्ध करण्याच्या कामीं जगभर वापरली जाते.

ह्या भाषेंतील यादी, म्हणजे तज्ज्ञांचा 'अ‍ॅरे', ही खणांच्या फडताळासारखी असते. तिची नक्कल मागितली कीं सामान्यतः दोन स्वतंत्र फडताळें होतात. (वस्तुतः यंत्र थोडें आळशी आहे, कोणी कांहीं बदलीपर्यंत तें एकच फडताळ दोघांस दाखवितें. परंतु वापरणारास त्याचा उपसर्ग होत नाहीं.) घोटाळा होतो तो एखादा खण 'रेफरन्स'नें बांधलेला असेल तर. रेफरन्स म्हणजे एकाच खणास दोन नांवें. त्यांतलें मूळ कोणतें व दुय्यम कोणतें हा प्रश्नच उरत नाहीं. कोणत्याहि नांवानें लिहिलें तरी तें त्याच खणांत जातें.

अकोला जिल्ह्याचे सात तालुके घ्या. खणांत क्रमानें अकोट, तेल्हारा, अकोला, बाळापूर, पातूर, मूर्तिजापूर व शेवटीं बार्शीटाकळी अशीं नांवें आहेत. प्रत्येक नांवापुढील फाजील मोकळी जागा काढण्यासाठीं कारकुनानें 'गांव' हें तात्पुरतें नांव एकेका खणास बांधीत फेरी मारली. फेरी संपली, परंतु 'गांव' हें नांव शेवटच्या खणास बांधलेलेंच राहिलें, कारण भाषा तें आपण होऊन सोडीत नाहीं.

आतां यादी छापण्यासाठीं त्यानें दुसरी फेरी सुरू केली, ह्या वेळीं खण न बांधतां. प्रत्येक नांव उचलून 'गांव'मध्यें ठेवावयाचें, मग छापावयाचें. पण 'गांव' म्हणजे तर सातवाच खण ! तेव्हां अकोट छापतांना सातव्या खणांत अकोट लिहिलें गेलें, मग तेल्हारा, आणि असें करीत सहाव्या पावलास मूर्तिजापूर. सातव्या पावलास यंत्रानें सातवा खण उघडला, तों त्यांतहि मूर्तिजापूरच. बार्शीटाकळी नाहींशी झाली आणि मूर्तिजापूर दोनदां छापलें गेलें. यंत्र चुकीची सूचना देत नाहीं, आणि ओळी मोजाव्यात तर त्या सातच भरतात. अशा यादीवरून कोणी तालुकावार रकमा वांटल्या, तर एका तालुक्याचें नुकसान कोणाच्या ध्यानांत यावें ?

पहिल्या फेरीनंतर लगेच यादीची नक्कल काढली असती तर निराळाच प्रकार झाला असता. सहा खण वेगळे झाले असते, सातवा मात्र दोन्ही याद्यांत एकच. भावाभावांची शेतें वांटलीं जावींत आणि विहीर सामाईक राहावी, तशांतली ही गोष्ट. एकानें आपलें पाणी म्हणून विहिरींत औषध टाकलें कीं दुसऱ्याचेंहि पाणी बदललें.

उपाय सोपा आहे. फेरी संपतांच 'अनसेट' ह्या आज्ञेनें 'गांव' हें नांव सोडवावें. तिनें खणांतील मजकूर जात नाहीं, केवळ गांठ सुटते. भाषेची अधिकृत पुस्तिकाहि हेंच सांगते. गांठ राखणें अवश्यच असेल, तर नवें फडताळ घेऊन त्यांत एकेक मजकूर हातानें उतरावा. मात्र यादीच्या पोटांत आणखी यादी असेल तर तिच्यासाठींहि तीच मेहनत घ्यावी लागते. सामाईक खणाची सोय निरुपयोगी नाहीं हें खरें. तथापि फेरीबरोबर नांव आपोआप सुटण्याची व्यवस्था केली असती, तर पुष्कळांचे मनस्ताप वांचले असते.

खणांत साधा मजकूर नसून 'ऑब्जेक्ट' असेल तर गांठ नसतांनाहि सामाईकपणा येतो. २००४ सालच्या पांचव्या आवृत्तीपासून खणांत ऑब्जेक्टचा केवळ पत्ता असतो; नक्कल होते ती पत्त्याची, घराची नव्हे. दुसरें घर हवें असेल तर 'क्लोन' ही आज्ञा स्पष्टपणें द्यावी लागते, आणि तीहि त्या घराच्या आंत लिहिलेले इतर पत्ते जसेच्या तसे उतरून घेते.