तीन चेंडू, दोन हात: जगलिंग शिका अगदी पहिल्या चेंडूपासून



धंद्याच्या चॅनेलवर हे चेंडू कुठून आले, असा प्रश्न या वेळचा व्हिडिओ बघून बऱ्याच जणांना पडला असेल. उत्तर सोपं आहे. दुकानदाराला रोज गिऱ्हाईक, माल आणि उधारी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हवेत ठेवाव्या लागतात. आपण त्याला तारेवरची कसरत म्हणतो आणि पुढे जातो. पण ही कसरत शिकता येते का? कुठून सुरुवात करायची? ते समजून घ्यायला जगलिंगसारखा स्वस्त मास्तर दुसरा नाही. फी शून्य, आणि चुकलं की दोन सेकंदांत कळतं.

व्हिडिओत हात दिसतात. हात तसे का चालतात, ते इथे लिहितोय.

ही कला परकी नाही

आपल्या आज्या पडवीत बसून सागरगोटे खेळायच्या, आठवतंय? सागरगोटा म्हणजे काटेरी झुडपाच्या शेंगेतलं राखाडी, गुळगुळीत, टणक बी. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचा दुसरा उचलायचा आणि वरचा झेलायचा. आधी एकेक उचलायचा, मग दोन-दोन, मग तीन-तीन. नीट बघा, हा पूर्ण कोर्सच आहे! एकेक जमल्याशिवाय दोन-दोनला हात लावायचा नाही, हा नियम कुठल्या मॅनेजमेंटच्या पुस्तकातून आलेला नाही.

१८८० साली विष्णुपंत छत्रे यांनी ग्रेट इंडियन सर्कस उभी केली, तेव्हापासून मराठी माणूस तंबूत बसून असे खेळ बघत आलाय. त्याच्याही आधी, १८२१ साली, विल्यम हॅझलिट या इंग्रज लेखकाने लंडनमध्ये खेळ करणाऱ्या भारतीय जगलरांवर एक निबंध लिहिला. पितळेचे चार गोळे एकाच वेळी हवेत ठेवणारा माणूस बघून त्याला वाटलं, इतकं अचूक काम आपल्याला लिखाणातही जमत नाही.

काय लागतं?

तीन सारखे चेंडू. उसळणारे नकोत. पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणसारख्या डोंगरातल्या गावात रबरी चेंडू सुटला, की तो थेट खालच्या अंगणात. मग अर्धी प्रॅक्टिस चेंडू शोधण्यात जाते. त्यापेक्षा जुन्या मोज्यात धान्य भरा. जगभरचे जगलर चेंडूत बारीक भरडधान्य भरतात, आपल्याकडे नाचणी आहेच. खायची चांगली नाचणी नको, किड लागलेली घ्या. प्रत्येक मोज्यात काट्यावर मोजून १०० ते १२० ग्रॅम भरा, घट्ट गाठ मारा, उरलेला मोजा उलटा करून त्यावरच चढवा. तिन्हींचं वजन सारखं हवं. रंग वेगळे असले तर उत्तम.

खाटेसमोर किंवा अंथरलेल्या गादीसमोर उभं राहा. चेंडू पडणार, शंभर वेळा पडणार. दर वेळी जमिनीपर्यंत वाकलात तर दहाव्या मिनिटाला कंबर धरेल आणि तुम्ही सोडून द्याल. पडणं थांबवता येत नाही, पण पडण्याचा खर्च कमी करता येतो. धंद्यातही नवीन माल आधी थोडा आणून बघायचा तो याचसाठी.

स्टेप १: एक चेंडू

कोपर अंगाजवळ, हात जमिनीला समांतर. चेंडू उजव्या हातातून डाव्या हातात कमानीसारखा फेका. कमानीचं टोक डोळ्यांच्या उंचीवर. मग डावीकडून उजवीकडे, तशीच कमान. फेकताना हात किंचित आतून, छातीच्या बाजूने वळवा. झेलताना बाहेर झेला.

नजर हाताकडे न्यायची नाही, कमानीच्या टोकावर ठेवायची. टोक दिसलं की चेंडू कुठे पडणार ते हाताला आपोआप कळतं.

हे फारच सोपं वाटतं, म्हणून लोक पाच मिनिटांत पुढे जातात. दोन्ही हातांनी सलग वीस वेळा तीच उंची येत नाही तोपर्यंत इथेच थांबा. झेलण्याकडे लक्ष कमी दिलं तरी चालेल. फेक सरळ असेल तर चेंडू स्वतःहून हातात येतो.

स्टेप २: दोन चेंडू

प्रत्येक हातात एक. उजव्याने फेका. तो टोकाला पोचला, की डाव्याने दुसरा त्याच्या आतल्या बाजूने, खालून फेका. मग झेला, झेला, थांबा. तोंडाने ताल म्हणा: "फेक, फेक, झेल, झेल."

इथे जवळपास प्रत्येकाचा हात एक लबाडी करतो. दुसरा चेंडू वर न फेकता सरळ दुसऱ्या हातात सरकवतो. दोन चेंडूंत हे खपतं, तिसरा आला की सगळं कोसळतं. म्हणून दोन्ही चेंडू सारख्याच उंचीवर गेले पाहिजेत. एकदा उजव्याने सुरुवात, एकदा डाव्याने.

स्टेप ३: तीन चेंडू

ज्या हाताची सवय आहे त्यात दोन, दुसऱ्यात एक. दोनवाल्या हाताने सुरुवात करायची. पहिला टोकाला, की दुसरा. दुसरा टोकाला, की तिसरा. तिन्ही झेला आणि थांबा. थांबणं महत्त्वाचं आहे. नीट तीन फेकी जमल्या की चार, मग पाच. चेंडूंची वाट आडव्या इंग्रजी आठसारखी दिसायला लागेल.

चेंडू पुढे पुढे जातायत आणि तुम्ही त्यांच्यामागे चालताय? भिंतीकडे तोंड करून उभं राहा. दोन दिवसांत सवय सुटते.

थोडा हिशेब

घाई होतेय, वेळ पुरत नाही, मग चेंडू उंच फेकू असं नवशिक्याला वाटतं. आता गणित बघा. चेंडू अर्धा मीटर वर गेला तर हवेत ०.६ सेकंदांहून थोडा जास्त राहतो. तो वेळ दुप्पट करायचा तर उंची दुप्पट करून भागत नाही, चौपट लागते, म्हणजे दोन मीटर. आणि इतका उंच चेंडू नेमका हातात परत येईल याची खात्री नाही. उधारीने विकत घेतलेला वेळ असाच असतो. थोडा वेळ मिळतो, पण तो परत कुठे येऊन पडेल ते आपल्या हातात राहत नाही.

दुसरा हिशेब क्लॉड शॅनन यांचा. माहितीशास्त्राचा पाया घालणारे हे अमेरिकन गणिती स्वतः जगलिंग करायचे, आणि त्याचं एक सूत्र त्यांनी मांडलं. चेंडू हवेत असतो तो वेळ अधिक हातात असतो तो वेळ, गुणिले हातांची संख्या. दुसऱ्या बाजूला, हात रिकामा असतो तो वेळ अधिक चेंडू हातात असतो तो वेळ, गुणिले चेंडूंची संख्या. दोन्ही उत्तरं सारखी येतात. समजा चेंडू हवेत ०.६ सेकंद आणि हातात ०.३ सेकंद. दोन हात, म्हणून १.८. तीन चेंडूंनी भागलं तर ०.६. त्यातून हातातले ०.३ वजा केले, की उरतात ०.३.

म्हणजे या हिशेबात प्रत्येक हात अर्धा वेळ रिकामा असतो! हात रिकामा झाल्याशिवाय पुढचा चेंडू येऊ शकत नाही. आधी सोडायचं, मग झेलायचं. जुना माल रॅकवर, पैसा त्या मालात, आणि दारात नवीन टेम्पो उभा, ही अवस्था म्हणजे दोन्ही हात भरलेले असताना तिसरा चेंडू डोक्यावर येणं.

कुडपणचं गणित

कुडपणला पावसाळ्यात धबधबे आणि भीमाची काठी हा सुळका बघायला माणसं येतात. या पट्ट्यातली कितीतरी तरुण मुलं मुंबईला नोकरीला. समजा त्यांतला एक जण साठवलेले पैसे घेऊन गावी परत येतो आणि किराणा, पर्यटकांसाठी जेवण, राहण्याची सोय हे तिन्ही एकाच जूनमध्ये सुरू करतो. पावसाळा चार महिन्यांचा, गर्दी शनिवार-रविवारची. शनिवारी वीस ताटांची ऑर्डर आली, दुकानात गिऱ्हाईक ताटकळलंय आणि खोलीची चादर ओली. एक चेंडू चुकला की तिन्ही पडतात. साठवलेले पैसे संपले की परतीची गाडी मुंबईची. इथे चुकण्याची किंमत मोज्यातल्या नाचणीएवढी नाही.

त्याने काय करावं? पहिला चेंडू जेवणाचा. एकच ताट ठरवा: भाकरी, पिठलं, भात, एक भाजी. दर शनिवारी तीच चव, तोच भाव, तीच वेळ. पूर्ण सीझन ही फेक सारखी जमली, की दुसरा चेंडू राहण्याचा, तोही एकाच खोलीपासून. घरातली दोन माणसं दोन कामं न ओरडता सांभाळू लागली, की तिसरा. तीन वर्षं लागतील. पण तिन्ही हवेत राहतील.

सोडलं तर उतरतं

२००४ साली 'नेचर'मध्ये जर्मन संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. ज्यांना येत नव्हतं अशा लोकांना तीन महिने तीन चेंडूंचं जगलिंग शिकवलं. मेंदूच्या स्कॅनमध्ये, हलणारी वस्तू टिपणाऱ्या भागात वाढ दिसली. पुढचे तीन महिने सराव बंद ठेवला, तर ती वाढ कमी झाली. म्हणून रोज थोडं. दहा-पंधरा मिनिटं सकाळी, तेवढीच रात्री दुकान बंद केल्यावर. एकदम दोन तास नको.

पहिले दोन दिवस फक्त एक चेंडू. पुढचे तीन दिवस दोन. सहाव्या दिवशी तिसरा हातात घ्या. कुणाला आठवडा लागेल, कुणाला महिना. घरात सागरगोटे खेळलेली आजी असेल, तर तिच्याही हातात चेंडू द्या. बहुतेक ती तुमच्या आधी शिकेल.